डाव्या पायाची टाच

मालगुंड
२ डिसेंबर २०२४

काशीरामशेठ शिवलकर यांस,

नमस्कार लिहायचं मनात नव्हतं. पण वैऱ्याला पत्र लिहिलं तरी वर नमस्कार घालावा असं आईचं म्हणणं, म्हणून घातला.

मी ऋत्विक रहाटे. विसरला असाल तर आठवण देतो. सड्यावरच्या गोल्फ कोर्सवर वर्षभर दर रविवारी तुमची बॅग वाहणारा कॅडी. होलात पडलेला तुमचा चेंडू वाकून काढून देणारा, कारण तुम्हाला वाकता येत नाही. कालपासून बेकार. पोस्टाने लिहितोय, कारण तुमच्या फोनवर मी ब्लॉक आहे आणि कालपासून तुमच्या आरोहीच्याही. तिच्या हातून फोन ओढून तुम्हीच केलं असणार. तुमच्या बर्फाच्या कारखान्यावर आलो तर वॉचमनने गेटाच्या फटीतून बघून परत पाठवलं. पोस्टमनला कोण अडवतो बघू.

काल मी काय गुन्हा केला? मुंबईच्या पाहुण्यांसमोर तुम्ही चेंडू मारायला उभे राहिलात. दोन्ही पाय जमिनीला खिळे ठोकल्यासारखे, कंबर लोखंडाची, आणि वरचं धड पिळून हातातली क्लबची काठी पार मानेच्या मागे. यूट्यूबवरचा विशीतला पोरगा करतो तसं, सहासष्टाव्या वर्षी. मारलात, तोंड वाकडं झालं, हात कंबरेवर गेला, आणि पाहुण्यांकडे बघून हसलात. पुन्हा उभे राहिलात तेव्हा मी म्हटलं, शेठ, चेंडू नाही, मणका उडेल. ऐकलं नाहीत, म्हणून क्लब हातातून काढून घेतला. हो, घेतला. आरोही गाडीपाशी उभी होती, तिला विचारा मी खोटं बोलतोय का. संध्याकाळी मॅनेजरने बोलावून सांगितलं की कॅडीने बॅग उचलायची, मत नाही.

तर मत आता लिहून देतो. कंबरेचे मणके पुढेमागे वाकायला केलेत, पिळायला नाहीत. वळायचं काम खुब्याचं आणि पाठीच्या वरच्या भागाचं. साठी उलटली की हे दोन्ही गंजतात. तुमचे तर गंजलेच आहेत. कोणी हाक मारली तर तुम्ही मान वळवत नाही, अख्खे फिरता, कारखान्याच्या गेटासारखे. मग स्विंग घेताना जे वळण खुब्याने द्यायचं, पाठीने द्यायचं, ते सगळं एकट्या कंबरेच्या माथी. घरात एकच माणूस राबतो आणि बाकीचे बसून खातात, तशी गत. तो माणूस एक दिवस आडवा पडणार नाही तर काय.

उपाय साधा आहे. क्लब इतका मागे नेऊ नका, निम्मा पुरे. उजवं पाऊल थोडं बाहेर वळवून उभे राहा. आणि क्लब मागे जाताना डाव्या पायाची टाच उचलू द्या. टाच सुटली की खुबा सुटतो, खुबा सुटला की कंबर वाचते. एवढंच सांगायचं होतं मला, तर माझी भाकर काढून घेतलीत.

दुसरी गोष्ट. माझं आरोहीवर प्रेम आहे. हे तुम्हाला ठाऊक आहे हे मला ठाऊक आहे, आणि नोकरी टाचेमुळे गेली की यामुळे, हे तुमच्या देवाला ठाऊक.

ऋत्विक रहाटे


रत्नागिरी
७ डिसेंबर २०२४

ऋत्विक रहाटे यास,

पत्र मिळालं. त्यातली भाषा वाटेत कुठे गळली असती तर बरं झालं असतं.

एक. मी कोणाचा फोन हातात घेत नाही. या घरात ज्याचा फोन त्याचा. ब्लॉक कोणी केलं आणि का केलं, याचा विचार तू डोकं थंड करून कर. आमच्याकडे बर्फ पुष्कळ आहे, हवा तर पाठवून देतो.

नोकरीबद्दल म्हणशील तर मॅनेजरला मी एक अक्षर बोललो नाही. चार माणसांत म्हाताऱ्याच्या हातातली वस्तू हिसकावणाऱ्याला कामावरून काढायला कोणाच्या सांगण्याची गरज नसते.

माझी कंबर ठीक आहे. परवाच नऊ होल खेळून आलो. टाच उचलून गोल्फ खेळत नाहीत, मी तिथे नाचायला जात नाही. पाय रोवून उभं राहायचं, हीच त्या खेळाची शान. सगळे मोठे लोक तसेच उभे राहतात.

आणि राहिलं आरोहीचं. जो मुलगा कॉलेज अर्ध्यात टाकून घरी आला, त्याने मला क्लब निम्माच मागे न्या म्हणून शिकवावं, यात नवल नाही. तुला सगळं निम्म्यावर सोडायची सवय आहे. माझी मुलगी निम्म्यावर सोडायची वस्तू नव्हे.

का. धों. शिवलकर


मालगुंड
१२ डिसेंबर २०२४

शेठ,

नमस्कार.

आधी एक कबूल करतो. तुमचं अक्षर सुंदर आहे. गोल, टपोरं, एका ओळीत, वेलांट्या कशा वळलेल्या. अक्षरावरून स्वभाव कळतो म्हणतात ते किती खोटं आहे, हे तुमचं पत्र वाचून पटलं.

आता दुसरं. तुम्ही नऊ होल खेळलात? कुठे, स्वप्नात? कोर्सवर गवत कापणारा खंडू माझ्याशी अजून बोलतो. म्हणाला, शिवलकरशेठ त्या रविवारनंतर फिरकलेच नाहीत, त्यांची बॅग आहे तिथेच आहे, तिच्यात पालीने घर केलं. म्हणजे तुम्ही आडवे झाला आहात. झाला आहात की नाही? आणि आडवं पडूनही मला पाय रोवायची शान शिकवताय. कमाल आहे.

कॉलेजचं काढलंत म्हणून सांगतो. फिजिओथेरपीची अडीच वर्षं मी केली, मार्क वाईट नव्हते. एका दुपारी आमच्या सरांनी वॉर्डातला एक म्हातारा उघड्या अंगाने वर्गात आणून उभा केला. त्याच्या वाकड्या पाठीवर खडूने रेघा मारल्या आणि आम्हाला शिकवायला लागले. तो थंडीने कापत होता. मी उठून त्याच्या अंगावर माझा ॲप्रन टाकला. सर म्हणाले, माफी माग. मी म्हटलं, तुम्ही मागा, त्या आजोबांची. प्रकरण वर गेलं. माफी लिहून दे नाहीतर वर्ष विसर, म्हणाले. मी वर्ष विसरलो. याला तुम्ही अर्ध्यात टाकणं म्हणत असाल तर म्हणा. मी पाय रोवून उभा राहिलो असं म्हणतो. तुमच्याच भाषेत.

आता मी असं काही लिहिणार आहे की तुमच्या अंगाचा तिळपापड होईल, पण लिहिणार. गेल्या पावसाळ्याच्या शेवटी एका पहाटे मी भाट्याच्या खाडीवरून सायकलने येत होतो. गुडघाभर पाण्यात एक माणूस पाग फेकत होता. हाफ पँट, डोक्याला पंचा. जाळं खांद्यावर घेतलं, एक अंग मागे गेलं, डावी टाच वर आली, खुबा वळला, आणि अख्खं शरीर भोवऱ्यासारखं सुटलं. जाळं हवेत ताटासारखं गोल उघडलं आणि पाण्यावर पडलं. मग तो माणूस आरामात वाकला आणि दोरी ओढायला लागला. मी थांबून बघत राहिलो. तो माणूस तुम्ही होता, शेठ.

मिरकरवाड्याच्या मच्छीमार वस्तीत जन्मलेल्या माणसाला स्विंग शिकवायला यूट्यूब लागतो? तुमच्या बापाने तुम्हाला दहाव्या वर्षी शिकवला असेल तो. त्या पहाटे कंबर कुठे गेली होती दुखायला? बोला.

ऋत्विक


रत्नागिरी
१९ डिसेंबर २०२४

ऋत्विक रहाटे यास,

खंडूला सांग, त्याला गवत कापायला ठेवलंय, माणसांवर पाळत ठेवायला नव्हे.

माझ्या बापाचं जाळं गोल्फच्या मैदानावर आणायचं नाही. पुन्हा त्याचा शब्द काढलास तर पत्र न उघडता परत येईल. कोर्सवर मला केडी म्हणतात. केडी शिवलकर, मालक, शिवलकर आइस. तिथे मला कोणी दुसरं काही म्हटलेलं मला चालत नाही. मी पहाटे खाडीवर कशासाठी जातो ते माझं मी जाणे, आणि ते बघायला तिथे कोणी नसतं म्हणूनच जातो. तू सायकल थांबवून बघायचं कारण नव्हतं.

त्या म्हाताऱ्याच्या अंगावर ॲप्रन टाकलास ते बरं केलंस. एवढं एकच बरं केलंस.

जाता जाता. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ आहेत. त्यांना कंबरेचा त्रास आहे. डॉक्टर म्हणाले ऑपरेशनचं काही नाही, हालचाल सुरू करा. घरी एक फिजिओचा पोरगा आला होता, त्याला गृहस्थांनी दारातूनच परत पाठवला, परक्या पोराने पाय उचलून धरलेले त्यांना आवडत नाहीत. तर झोपल्या झोपल्या करण्यासारखं काही असेल तर कळव. त्यांच्यासाठी विचारतोय.

का. धों. शिवलकर


मालगुंड
२४ डिसेंबर २०२४

शेठ,

नमस्कार. तुमच्या त्या ओळखीच्या गृहस्थांना माझाही नमस्कार सांगा, आणि सांगा की माणसाने इतकं हट्टी असू नये.

त्यांच्यासाठी लिहितो. आधी हे बघा: पायात बधिरपणा, एका पायातली शक्ती गेल्यासारखी वाटणं, लघवीला अडणं, यातलं काही असेल तर माझं पत्र बाजूला ठेवायचं आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं. नसेल तर पुढचं.

कुशीवर झोपायचं, गुडघे दुमडून पोटाशी, दोन्ही हात समोर एकावर एक. मग वरचा हात पुस्तकाचं पान उलटावं तसा उघडत पाठीमागे न्यायचा. गुडघे जागचे हलू द्यायचे नाहीत. हात जिथे थांबेल तिथे थांबायचं, श्वास सोडायचा, आणि परत. हे पाठीच्या वरच्या भागासाठी. मग उताणं होऊन एक घोटा दुसऱ्या गुडघ्यावर ठेवायचा आणि पाय हळूच छातीकडे ओढायचा. खुबा ओरडेल, ओरडू दे, तो वर्षानुवर्षं झोपलाय. कंबर ओरडली तर मात्र थांबायचं. घरातलं कोणी पाय धरायला असेल तर उत्तम.

उभं राहता आलं की ओट्याला एक हात टेकून वळायचं. उजवीकडे वळताना डावी टाच उचलायची, डावीकडे वळताना उजवी. ते जमलं की हातात ओला पंचा घ्यायचा आणि फेकायचा. कसा ते लिहीत नाही, मनाई आहे. गृहस्थांना बरोबर कळेल.

बघा, नोकरी घालवलेल्या माणसाकडून तुम्ही फुकट उपचार घेताय आणि वर मला बर्फ पाठवताय. मला याचा संताप येतो आणि तरी लिहितोय, कारण आरोही. ती एक शब्द कळवत नाही. तुम्ही म्हणता फोन तिचा, मर्जी तिची. मी मानत नाही. मी तिला दोन वर्षं ओळखतो. ती चिडली की गप्प होते आणि पेनाचं टोपण चावते. आंब्यापेक्षा तिला कैरी आवडते. कारखान्याच्या ऑफिसात ती मुद्दाम दाराकडे तोंड करून बसते, कारण मागून कोणी आलेलं तिला खपत नाही. तिचं मला माहीत नाही असं काहीही नाही, शेठ. म्हणून सांगतो, ती स्वतःहून मला तोडणार नाही. हे काम तुमचं.

ऋत्विक


रत्नागिरी
१६ जानेवारी २०२५

ऋत्विक रहाटे यास,

पत्राला उशीर झाला. गृहस्थ कामात होते.

ते आता बसतात. काल गेटापर्यंत जाऊन आले. हात पुस्तकासारखा उघडताना पहिल्या दिवशी पुठ्ठाच हलेना, आता अर्धं पुस्तक उघडतं. ओला पंचा अंगणात फेकताना शेजारच्या मनिषावहिनींनी बघितला आणि कपडे वाळत घालायची ही कुठली पद्धत म्हणून विचारलं.

आता गृहस्थ पुरे. मीच तो, आणि तुला ते पहिल्यापासून माहीत होतं, मग उगाच नाटक कशाला वाढवा.

एक पैज लावतो. २३ फेब्रुवारीला कोर्सवर ज्येष्ठांची स्पर्धा आहे. त्या दिवशी कंबरेला पट्टा न बांधता मी खेळेन, आणि शेवटच्या होलातला चेंडू स्वतः वाकून काढेन. जमलं तर तू जिंकलास. मग माझ्या घरी उजळ माथ्याने ये आणि आरोहीला मागणी घाल, मी नाही म्हणणार नाही. नाही जमलं तर पुन्हा तिचं नाव तोंडातून काढायचं नाही आणि कागदावरही नाही. बोल, आहे हिंमत?

का. धों. शिवलकर


मालगुंड
२० जानेवारी २०२५

काका,

शेठ म्हणायचं आता सोडतो. पैज लावणाऱ्या माणसाला शेठ काय म्हणायचं.

मंजूर. शंभरदा मंजूर. पण न्याय बघा तुमचा. खेळणार तुम्ही, वाकणार तुम्ही, आणि हरलात तर फाशी मला. तुम्ही मुद्दाम वाकला नाहीत तर? पण मी तुम्हाला वर्षभर बघितलंय. तुम्ही मुद्दाम हरणारे नाही, चुकून जिंकणारे आहात.

रोज करा. एक दिवस चुकवू नका. वाकताना पाठ गोल करू नका, गुडघे सैल सोडून खुब्यातून वाका, खाडीत दोरी ओढायला वाकता तसे. क्लब निम्मा. चेंडू जवळ पडला तर पडू दे. टाच, काका, टाच विसरू नका.

२३ तारखेला आरोही माझी झाली समजा.

ऋत्विक


रत्नागिरी
२४ फेब्रुवारी २०२५

चि. ऋत्विक यास अनेक आशीर्वाद.

हे अक्षर बघून दचकशील. कोंबडीचे पाय शाईत बुडवून कागदावर चालवल्यासारखं दिसेल. हे माझं अक्षर आहे. आजवरची सगळी पत्रं मी पडून सांगितली आणि आरोहीने लिहिली. तुझी पत्रंही तीच मला वाचून दाखवायची, कारण उताणं पडून चष्म्यातून वाचलं की गरगरायचं. आज पहिल्यांदा टेबलाशी बसून लिहितोय, आणि सकाळी तुझी सगळी पत्रं स्वतः वाचून काढली. तू मला हट्टी म्हटलं होतंस हे मला आज कळलं. वाचताना तिने ते गाळलं होतं.

त्या रविवारी तू क्लब काढून घेतलास. सोमवारी सकाळी मला पलंगावरून उठताच आलं नाही. नऊ होल खेळलो ते खोटं होतं. तिने लिहायला नकार दिला होता. मी म्हटलं लिही, तेव्हा लिहिलं.

आता टाचेचं ऐक. हे मी घरातही कोणाला सांगितलेलं नाही. कोर्सवर नवीन गेलो तेव्हा मला कोणी शिकवलं नव्हतं. क्लब हातात घेतला आणि अंगाला जे ठाऊक होतं तेच अंगाने केलं. टाच आपोआप उचलली गेली. चेंडूही बरा गेला. मुंबईचे एक जण बाजूला उभे होते, मोठा बंगला आहे त्यांचा इथे. ते म्हणाले, शिवलकर, गोल्फ खेळताय की मासे पकडताय? सगळे हसले. मीही हसलो. घरी येऊन मोबाइलवर बघितलं, मोठे लोक कसे उभे राहतात ते, आणि दुसऱ्या दिवसापासून पाय रोवले. माझी कंबर त्या एका वाक्याने गेली, बाबा. मणक्याबिणक्याचं तुझं शास्त्र नंतरचं.

काल ते मुंबईवाले होते स्पर्धेला. पहिल्या टीवर, जिथून चेंडू मारतात तिथे, मी उभा राहिलो, उजवं पाऊल बाहेर, क्लब निम्मा, आणि टाच सोडली. त्यांनी तोच विनोद पुन्हा केला, बारा वर्षांत त्यांना दुसरा सुचला नाही. मी म्हटलं, "होय, मासेच पकडतोय. बापाने शिकवलंय." आणि मारला. इतरांच्या मागेच पडला चेंडू, पण सरळ पडला, आणि मला हात कंबरेवर न्यावा लागला नाही. कोणी हसलं नाही. हसले असते तरी चाललं असतं.

शेवटून दुसरा आलो. शेवटच्या होलावर नवीन कॅडी चेंडू काढायला पुढे झाला, त्याला मी थांबवलं. गुडघे सैल सोडले, खुब्यातून वाकलो, चेंडू काढला आणि वर आलो. खंडू मशीन बंद करून बघत होता, त्याने टाळ्या वाजवल्या. गवत कापायचं सोडून.

तू जिंकलास. येत्या रविवारी घरी ये. कॉलेजचं पुढे काय, तेही बोलू. सुरमई आणून ठेवतो.

काशीराम शिवलकर


रत्नागिरी
२५ फेब्रुवारी २०२५

ऋत्विक,

बाबांचं पत्र काल पोस्टात पडलं, हे आज. दोन्ही एकदम मिळतील. आधी त्यांचं वाच, मग हे.

तू ज्या अक्षराची स्तुती केलीस ते माझं. वेलांट्या वळलेल्या वगैरे. दोन वर्षं मला ओळखतोस, माझं तुला माहीत नाही असं काहीही नाही असं तूच लिहिलंस, आणि माझ्या हाताने लिहिलेल्या पत्राला उत्तर देताना लिहिलंस. मी ते बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. टोपण चावते हेसुद्धा. तेव्हा मी चावतच होते.

ओळखणार कुठून म्हणा. दोन वर्षांत तू मला काय पाठवलंस? "जेवलीस का." "पोचलीस का." अंगठा. हृदय. बाबांना मात्र पानं भरून. पाग फेकणाऱ्या माणसाचं तू जे लिहिलंस ते मी दोनदा वाचलं. बाबा भिंतीकडे तोंड करून पडले होते. मला असं एक पत्र कधी आलं नाही.

फोन मी ब्लॉक केला. बाबांनी नाही. बाबांच्या हातातून तू चार लोकांत वस्तू हिसकावलीस. तू बरोबर होतास म्हणून जास्त राग आला. चूक असतास तर भांडून मोकळी झाले असते.

पण तेही मी विसरत आले होते. रोज तुझं पत्र समोर धरायचं, वाचायचं, बाबांचा पाय धरायचा, पुढची ओळ वाचायची, पाय सोडायचा. वाटायला लागलं होतं, हा माणूस चिडका आहे पण चुकीच्या गोष्टीवर चिडत नाही. मग बाबा म्हणाले, लिही, पैज लावतो. मी पेन थांबवलं. बाबांकडे बघितलं. त्यांना काहीच वाटलं नव्हतं, ते चेंडूच्या विचारात होते. मी म्हटलं लिहू दे, ऋत्विकच चिडेल. वॉचमनवर चिडतो, मॅनेजरवर चिडतो, परक्या म्हाताऱ्यासाठी अख्ख्या कॉलेजवर चिडतो. माझ्यासाठी चिडायला त्याला किती वेळ लागणार. म्हणून शब्द न बदलता लिहिलं. तुमच्या दोघांच्या भांडणातले कितीतरी शब्द मी गाळले, पैजेतला एकही गाळला नाही.

तू लिहिलंस, मंजूर. शंभरदा.

लिलावात सुरमईची टोपली मांडतात तशी मला मांडलीत. एकाने मांडली, दुसऱ्याने बोली लावली, आणि टोपली स्वतः बसून लिहून घेत होती. "आरोही माझी झाली समजा." हे मी बाबांना वाचून दाखवलं नाही. लाज वाटली. तुझी.

बाबा वाकले, मला आनंद आहे. तुझ्यामुळे वाकले, तो आनंद वेगळा. पण तू काही जिंकलेला नाहीस. रविवारी येऊन सुरमई खायची असेल तर खा, बाबांचा पाहुणा म्हणून. मी त्या दिवशी कारखान्यावर असेन. बर्फ फोडायचं मशीन चालू असतं, ओरडल्याशिवाय ऐकू येत नाही. तुला सोपं गेलं असतं, पण बोलावत नाहीये.

पलंगाच्या कडेला बसून तुमची पत्रं लिहून लिहून माझी मान आखडलीय. हे तुम्हा दोघांपैकी कोणाच्या लक्षात आलेलं नाही.

आरोही


मालगुंड
१ मार्च २०२५

आरोही,

दोन्ही पत्रं एकदम मिळाली. आधी काकांचं वाचलं आणि उडी मारली. मग तुझं वाचलं.

तीन महिने सगळ्या जगावर चिडलो आणि जिथे चिडायला हवं होतं तिथे शंभरदा मंजूर लिहिलं. काल दिवसभर चिडलोय. या वेळी कोणावर ते नीट माहीत आहे.

काकांना खंडूच्या हाती वेगळी चिठ्ठी पाठवलीय. पैज मोडली, रविवारी येत नाही, सुरमई तुम्ही खा, व्यायाम बंद करू नका. त्यांना राग येईल. येऊ दे. मला बोलावणं त्यांच्याकडून नको आहे आणि तू बोलावलेलं नाहीस, तर मी येणार कशाला. तू बोलावलंस तर येईन. मशीन चालू असताना नको, बंद असताना. हळू बोलून बघायचंय. नाही बोलावलंस तर मालगुंडहून रत्नागिरीला जायला मला दुसरं काही काम नाही.

कॉलेजचं काकांनी विचारलंय. त्याचं उत्तर आहे माझ्याकडे, पण ते आधी तुला सांगेन, तू विचारलंस तर.

तुझी मान कोणत्या बाजूला अडते? सरळ बसून उजवीकडे वळून बघ, मग डावीकडे. हनुवटी खांद्यापर्यंत पोचते का? कुठे ओढ लागते, मानेत की खांद्यात? पलंगाच्या कडेला बसून लिहू नकोस. टेबल घे, आणि कागद थोडा तिरका ठेव, म्हणजे मान खाली जाणार नाही. हे तीन महिन्यांपूर्वी विचारायला हवं होतं. कोण लिहितंय हेच विचारलं नाही मी.

जेवलीस का हे विचारत नाही.

उत्तर दिलंस तर पाकिटावर नाव घालू नकोस. आता अक्षर ओळखीन.

ऋत्विक